उजव्याचं आवतण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा उभ्यानेच पिते. बसवतच नाही. नवरा खुर्ची पुढे सरकवतो, मी तिला वळसा घालून पुन्हा खिडकीशी जाते. फोन वाजला नाही की का वाजत नाही म्हणून जीव वरखाली, आणि वाजला की वाजला म्हणून. ‘‘तूच बैल झाली काय? खुंट्याभोवती फिरून राह्यली,’’ असं तो दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी स्वतःच हसतो.

मी ढोरांची डॉक्टर. हिंगणघाट तालुक्यातल्या एका मोठ्या गावात बाजाराच्या टोकाला आमचा सरकारी दवाखाना आहे. दोन खोल्या, एक कडुनिंब, आणि अंगणात लोखंडी पाइपांचा खोडा, ज्यात जनावर अडकवून तपासायचं. सोबतीला माझा परिचर. हा गृहस्थ एरवी खाकी शर्टात असतो, पण पोळ्याच्या पाडव्याला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून येतो. त्या दिवशी दुपारी तान्हा पोळा असतो. गावोगावची पोट्टी लाकडी बैल सजवून ओढत आणतात आणि त्यात कोणाचा बैल चांगला हे ठरवायला हा परीक्षक म्हणून बसतो. सकाळी जनावरांच्या शेणात हात घालायचा आणि दुपारी न्यायाधीश व्हायचं, हा कार्यक्रम त्याला अजून जमलेला नाही.

पाडव्याला आमच्याकडे गर्दी का, ते सांगते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांना धुतात, वर्षभर जू वाहून निबर झालेले खांदे तूपहळदीने शेकतात, आणि मालक बैलाच्या कानाशी वाकून म्हणतो, ‘‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.’’ कलेक्टरलासुद्धा इतक्या अदबीने कोणी जेवायला बोलावत नसेल. भानगड एवढीच की बैल ते आवतण फार मनावर घेतो. दुसऱ्या दिवशी पोळा फुटला, म्हणजे एकत्र जमलेल्या जोड्या सुटल्या, की मालक जोडी घेऊन दारोदार जातो. दारोदारी ओवाळणं आणि दारोदारी पुरणपोळी. कडबा-कुटारासाठी बनलेल्या त्या रांजणाएवढ्या पोटात पुरण, गूळ आणि कणीक एकदम उतरली की ती आंबायला लागते. आमचा जिल्हा दारूबंदीचा. पण पाडव्याच्या सकाळी कितीतरी बैलांच्या पोटात भट्टी लागलेली असते आणि धाड टाकायला फक्त मी.

आणि पेशंट आला की संवाद ठरलेला.

‘‘काय खाल्लं यानं?’’

‘‘काई नाई मॅडम. कुटार खाल्लं.’’

‘‘पुरणपोळी?’’

‘‘नावाले. इतलुशी.’’

मग मी माझा प्रयोग सुरू करते. बैलाच्या तोंडाशी नाक नेते, डोळे मिटते, श्वास ओढते, थोडी थांबते. मग म्हणते, ‘‘जायफळ आहे. विलायची नाही.’’ मालकाचं तोंड उघडंच राहतं. खरं म्हणजे आंबट वासाखेरीज मला काहीएक कळत नाही. पण आमच्या भागात पुरणात जायफळ घालणारी घरंच जास्त, त्यामुळे नेम बहुतेक लागतो. माणूस एकदा जायफळावर पकडला गेला की पुढचं सगळं आपणहून सांगतो.

ही विद्या मला नागपूरच्या कॉलेजात कोणी शिकवली नाही. तिथे आम्ही मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मला बघायला आलेल्या एका पाहुण्यांनी ‘मुलगी डॉक्टर’ ऐकून बर्फी उचलली होती. ‘ढोरांची’ हे ऐकल्यावर त्यांनी ती हळूच परत बशीत ठेवली. ती बर्फी मग मीच खाल्ली. पहिल्या नेमणुकीच्या गावी लोक दारातून मला पाहायचे आणि विचारायचे, ‘‘साहेब कवा येतीन?’’ मी म्हणायची, ‘‘साहेब आले. बैल आणा.’’

तर हा पाडवा अगदी अलीकडचा. चहा अजून हातातच होता आणि फाटकापाशी मोटरसायकल थांबली. मागच्या सीटवरून आमच्या जवळच्याच, अल्लीपूरच्या बाजूच्या खेड्यातले एक म्हातारे शेतकरी उतरले. सगळा परिसर त्यांना बाबाजी म्हणतो, मीही म्हणते. मी बसा म्हटलं तर ते बसले नाहीत. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘मॅडम, उजवा उठून नाई राह्यला.’’

बाबाजींच्या बैलांना नावं नव्हती. डावा आणि उजवा, बस. गवळाऊ जातीची पांढरीशुभ्र जोडी, गोऱ्हे होते तेव्हापासून एकत्र वाढवलेली. डावा जन्मभर जुवाच्या डाव्या बाजूला, उजवा उजव्या. ‘‘दुसरा बैल आनून डाव्यासंग जुंपला ना,’’ बाबाजी मला एकदा म्हणाले होते, ‘‘तर डावा डवरा ओढनं सोडून पलटून पाह्यते, माह्या जोडीदाराच्या जागी हा कोन आला म्हनून.’’

परिचराला बोलावून घेतलं आणि आम्ही निघालो. पिशवीत सोड्याचे पुडे, सलाइनच्या बाटल्या, जाड रबरी नळी. यंदा परिचराला परीक्षक म्हणून बाबाजींच्याच गावाने बोलावलं होतं. मोटरसायकलवर माझ्यापुढे त्याचा कुर्ता शिडासारखा फुगला होता आणि तो मागे वळून वळून मला बजावत होता, ‘‘मॅडम, दोनच्या आत सोडजा. पोट्टे वाट पाह्यतीन.’’

कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, उजवा बसून होता, मान पोटाकडे वळवलेली. पोळ्याचा साज अजून अंगावरच होता. शिंगांना निळं वारनिस, कपाळावर बेगडाचं बाशिंग, पाठीवर गेरूचे ठसे. नवरदेव मांडवातच आजारी पडावा तसं ते दृश्य. मी गुडघ्यावर बसले आणि पोटाला मूठ लावली. आत भरलेल्या पखालीसारखं डचमळत होतं. निरोगी बैलाचं पोट दूरवर ढग गडगडावेत तसं थोड्या थोड्या वेळाने वाजतं. मी स्टेथोस्कोपची नळी कानाला लावून वाट पाहिली. काही नाही. पुन्हा लावली. पुन्हा काही नाही. डोळे आत गेले होते, नाडी धावत होती, शेण पातळ आणि आंबट.

‘‘वाचते काय?’’ बाबाजींनी विचारलं.

‘‘पोट सुरू झालं तर वाचेल. रवंथ केला की समजा वाचला. तोवर मी काही बोलणार नाही.’’

मागून आवाज आला, ‘‘आणि नाही झालं तर?’’

ती बाबाजींची मुलगी. वर्ध्याला एका कार्यालयात नोकरीला, पोळ्यासाठी माहेरी आलेली. आई वारल्यापासून बापाला वर्ध्याला न्यायचा तिचा लकडा चालला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ती उंबऱ्यावर उभी होती, एक पाय आत, एक बाहेर.

‘‘नाही झालं तर जोडी तुटली,’’ मी म्हटलं.

‘‘बाबा, मग आता तरी ऐकाल ना? उजवा गेला तर डाव्याला चांगल्या माणसाकडे देऊ. शेत ठेक्यानं द्या अन् चला माह्याकडे. दुसरा मजला आहे, मोठी बाल्कनी आहे.’’

‘‘बाल्कनीत काय करू व मी? तुह्ये कपडे वाळवू?’’

‘‘बाबा!’’

‘‘तू त्याले आधी जाऊ तर दे,’’ बाबाजी म्हणाले, आणि खुंट्याचं दावं सोडून पुन्हा बांधलं. मग पुन्हा सोडलं. दिवसभर त्यांच्या हातांना तेवढाच उद्योग होता. आणि मला कळून चुकलं की आज माझ्या पुढ्यात एक बैल नाही, एका माणसाची पुढची सगळी वर्षं बसून आहेत.

एव्हाना सगळी गल्ली कोठ्यासमोर गोळा झाली होती. मला चौकशी करायची होती, तर साक्षीदार हजरच.

‘‘कोणी काय खाऊ घातलं, खरं सांगा.’’

‘‘मी एकच देल्ली व माय,’’ एक म्हणाली.

‘‘मी तर अर्धीच. कडेची.’’

‘‘माह्या दारची तर त्यानं नुसती हुंगली.’’

‘‘हुंगली? ताट चाटून पुसून साफ केलं त्यानं! मी पाह्यलं ना!’’

‘‘तू आपल्या घरचं पाह्य व बाई! तुह्या पोळीतून पुरण सांडत होतं, तेबी चाटलं.’’

एकेक पोळी. कोणी खोटं बोलत नव्हतं. गल्ली लांब होती, एवढाच काय तो गुन्हा. पण मला एक कोडं पडलं. जोडी तर दोघांची फिरली. मग डावा तिथे कोपऱ्यात शेपटीने माशा हाकलत निवांत उभा कसा?

मी बाबाजींना म्हटलं, ‘‘काल कसे चालला होता, करून दाखवा.’’ आणि माझ्यातला जुना गॅदरिंगचा किडा वळवळला. मी डावा झाले. परिचराला उजवा केला. बाबाजी नेहमीच्या सवयीने माझ्या अंगाला आले, कारण डावा बुजरा, त्याला गर्दीत धरावं लागतं. समोरच्या घरची सून रिकामं ताट घेऊन पुढे आली, आणि काय आश्चर्य, ती चालता चालता आपोआप पलीकडे सरकली आणि ताट थेट परिचराच्या तोंडाशी नेलं.

‘‘तिकडे का गेलीस ग?’’

‘‘अव मॅडम, मामंजीसारखे हायत ते. त्याइले खेटून कशी उभी राहू?’’

कोडं सुटलं. वडीलधाऱ्याचा मान राखून एकूणएक बाई पलीकडच्या बाजूने आली होती. दारोदारी पहिलं ताट उजव्याचं, आणि उजवा तसा अधाशी. डाव्याच्या वाट्याला नुसतं कुंकू. परिचर ताटाकडे बघत म्हणाला, ‘‘मले तर रिकामंच देल्लं.’’ हशा पिकला. बाबाजीही हसले, पण हसू पुरं व्हायच्या आतच कोठ्याकडे वळले.

मग काम. उजव्याच्या तोंडात लाकूड अडकवून नळी पोटात सोडली. कोमट पाणी आत, नळी खाली, आंबलेलं पाणी बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. घागरी येत होत्या, बादल्या जात होत्या. एका बादलीच्या वेळी उजवा ठसकला आणि न्यायाधीशांच्या कुर्त्यावर कालचा सगळा नैवेद्य उतरला. तो बिचारा हात पसरून तसाच उभा राहिला. मला हसू आवरेना आणि हात थांबवता येईनात. मग सोड्याचं पाणी दिलं, शिरेतून सलाइन लावलं, आणि पोटाला कान लावला.

नाही. काही नाही.

पोटातलं आंबवण निघालं, पण पोट चालवणारे जिवाणूही त्यातच मेले होते. ते आता चांगल्या पोटातूनच आणावे लागणार होते.

‘‘बाबाजी, डाव्याच्या पोटातलं पाणी काढून याला पाजायचं आहे. ओळखीचं विरजण लावायचं, असं समजा.’’

बाबाजींचे हात दाव्यावर थांबले. ‘‘काल त्याची पूजा केली अन् आज त्याच्या तोंडात नळी? पाडव्याले बैलाले हात लावत नाई आमी. कामाले जुंपत नाई, टोचत नाई.’’

‘‘काम नाही हो हे.’’

‘‘मंग काय हाय?’’

मी नळी धुऊन पुसायला घेतली. बाबाजी कोठ्यात एक फेरी मारून आले. मग डाव्याजवळ गेले, त्याच्या कपाळावरचं बाशिंग नीट केलं आणि त्याच्या कानात काहीतरी म्हणाले. मग वेसण स्वतःच्या हातात घट्ट धरली. ‘‘घ्या. लवकर घ्या.’’

डाव्याने मला एक लाथ दिली, ती माझ्या वाट्याची होतीच. पण पाणी निघालं. हिरवट, उबदार, कुरणाच्या वासाचं. आता ते गाळायला काहीतरी हवं होतं. मी फडकं मागितलं. मुलगी घरात गेली, बराच वेळ आलीच नाही, आणि आली ती पितळी पुरणचाळणी घेऊन. तिच्या आईची. काल याच चाळणीतून पुरण उतरलं होतं, कडांना अजून डाळीचा पिवळा माग होता.

‘‘अग, फडकं चाललं असतं.’’

‘‘असू द्या मॅडम. याच्यात लवकर गाळून होईल.’’

तिने स्वतः चाळणी धरली. नाकाला पदर न लावता.

त्यानंतर काही करण्यासारखं उरलं नाही, आणि तोच सगळ्यात वाईट भाग. औषध देता येतं, वाट पाहायचं औषध अजून निघालेलं नाही. मी कोठ्यातून विहिरीपर्यंत जायची, परत यायची, कान लावायची. बाबाजी दावं सोडायचे, बांधायचे. दुसऱ्या गावांहून फोन येत होते. तिथेही पोटं फुगली होती, पण सोड्याने उतरणारी. मी त्यांना फोनवरच सोडा किती, पाणी किती ते सांगत होते आणि सांगता सांगता फेऱ्या मारत होते. बाहेर पोट्टी लाकडी बैलांची चाकं करकरत जमू लागली. परिचर मागच्या अंगणात कुर्ता धूत होता आणि एकेका पोट्ट्याला कुंपणावरून ओरडून सांगत होता, ‘‘येतो रे! थांबा जरासक!’’

विहिरीशी मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बसली नाही. हातातल्या चाळणीचा काठ अंगठ्याने घासत होती.

‘‘मॅडम, गल्लीतल्या सगळ्यांनी एकेक दिली ना?’’

‘‘हो.’’

‘‘मी एक नाही दिली. बाबा रात्रीच्या भजनाला गेले होते. उरलेल्या पोळ्यांचा सगळा डबा मी त्याच्यापुढे रिकामा केला.’’ मग फार भरभर बोलली. ‘‘मी ठरवलं होतं की यंदा बाबांना नेणारच. म्हटलं हा आपल्या घरचा शेवटचाच पोळा. तर खाऊ दे त्याला पोटभर. तो माझ्या हातून किती आवडीनं खात होता, तुम्हाला काय सांगू.’’

मी तिच्या हातातली चाळणी घेऊन विहिरीच्या कठड्यावर ठेवली.

‘‘बाबांना सांगू का?’’

‘‘सांगशील ग. पण आत्ता त्यांना एकच गोष्ट ऐकायची आहे, आणि ती तुझ्याजवळ नाही. ती उजव्याच्या पोटात आहे.’’

ऊन कलल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून उजव्याला उठवलं. एकाने शेपूट, दोघांनी खांदे, बाबाजींनी मान. तो उठला, लटलटला, उभा राहिला. मी कान लावला. अगदी खोलवर काहीतरी हललं, की मला वाटलं? मी कोणाला काही सांगितलं नाही. मला खात्री नव्हती आणि खोटी आशा विकणं माझ्या धंद्यात बसत नाही. परिचर ओल्या कुर्त्यात तान्हा पोळा करायला पळाला.

दुसऱ्या दिवशी दिवस उजाडताच मी बोलावणं नसताना गाडी काढली. चहासुद्धा घेतला नाही. वाटेत दोन्ही बाजूंना कपाशी गळ्यापर्यंत दवात भिजून उभी होती आणि मला ती सगळी वाटेत आडवी आल्यासारखी वाटत होती.

कोठ्याच्या दारात बाबाजी होते. आत, उलट्या घमेल्यावर मुलगी. ती वर्ध्याला गेलीच नव्हती. बाबाजींनी नुसती हनुवटी हलवली, तिकडे बघा म्हणून.

उजवा बसून होता, मान सरळ. त्याच्या गळ्यातून एक गाठ खालून वर सरकत गेली, जबड्याशी पोचली, आणि जबडा आडवा फिरायला लागला. सावकाश, जगाची काही घाई नसल्यासारखा. मी स्टेथोस्कोपची नळी कानाला लावली. दूरवर ढग गडगडले.

‘‘करून राह्यला ना?’’ बाबाजींनी विचारलं. समोर दिसत असूनही विचारलं.

‘‘करून राह्यला,’’ मी म्हटलं.

बाबाजींच्या हातातलं दावं गळून पडलं आणि ते त्यांनी उचललं नाही. मुलगी उठली, पदर झटकला आणि माहेरच्या बोलीत म्हणाली, ‘‘बाबा, मी दुपारच्या गाडीनं जातो.’’

‘‘अन् बाल्कनी?’’

‘‘तुळस लावीन म्हनतो तिथं.’’

‘‘लाव. ऊन येते ना?’’

‘‘येते.’’

त्यांचं एवढंच बोलणं झालं. डब्याचं तिने बापाला कधी सांगितलं, सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल की हे किती अवघड गेलं असेल.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबाजींनी मला मुद्दाम बोलावलं. मुलगी वर्ध्याहून आलेली होती. दुसऱ्या दिवशी ताट घेऊन डाव्याच्या अंगाला आपणच उभं राहायचं, हे तिने आधीच गल्लीभर सांगून ठेवलं होतं. बाप तिचाच, तिला खेटून उभं राहायला कसली अडचण? बाबाजींनी डाव्याचे खांदे शेकले आणि त्याला नेहमीचं आवतण दिलं. मग उजव्याकडे वळले. त्याच्या कानाशी वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी, अर्थातच, पाय न वाजवता जवळ सरकले.

‘‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या,’’ बाबाजी म्हणत होते. ‘‘पन बापा, घरीच जेवजा. अन् थोडकंसं.’’

उजव्याने कान हलवला. ते त्याने कबूल केलं म्हणून, की कानावर माशी बसली म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.